खोटे कोण शिकविते?



विहारात आपण हात जोडून चौथे शील घेतो, खोटे न बोलण्याचे. शेजारी आपली मुले बसलेली असतात. त्यांचे पाली उच्चार आपल्यापेक्षा स्पष्ट. मग घरी दारात वसुलीवाला येतो आणि आपण आतून कुजबुजतो, "सांग, बाबा गावाला गेलेत."

मी शाळामास्तर आहे. माझ्या वर्गातील एका मुलाने प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच केली. गणितात नापास झाला होता. वडिलांना बोलावले. ते पाळी बुडवून आले आणि काही विचारण्याआधीच त्यांनी पोराच्या मुस्काटात दिली. ते गेल्यावर मी मुलाला म्हणालो, "खरे का नाही सांगितलेस?"

तो म्हणाला, "मागच्या वेळी सांगितलं होतं, गुरुजी."

यावर मी काय बोलणार? खरे सांगितल्याचे फळ त्याला पाठीवर मिळाले होते. गणितात नापास झालेल्या मुलाचा हा हिशेब मात्र बरोबर होता.

त्या वडिलांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. गेल्या वर्षी माठ फुटला म्हणून मी थोरल्या मुलीवर हात टाकला. खरे तर त्या दिवशी शाळेत चारचौघांत झालेला पाणउतारा मी घरी घेऊन आलो होतो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. धम्मदीक्षा घेऊन आपण ती उतरंड नाकारली. पण घरात? मालक बापावर ओरडतो, बाप आईवर, आई थोरल्यावर, थोरला धाकट्यावर. शेवटच्या पायरीवरच्या पोराने कुठे जावे? ते खोट्याच्या आड लपते.

"आम्ही नाही का मार खाऊन शिकलो?" असे कोणी म्हणेल. मीही खाल्ला. पण घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो आईने दुसऱ्याच्या रानात खुरपण करून फी भरली म्हणून. माराने एवढेच शिकलो की बापाची पावले लांबून ओळखावीत.

आता राहुलाची गोष्ट पाहा. मज्झिम निकायात ती आहे. भगवान बुद्ध राहुलाकडे गेले, पाय धुतले आणि भांड्यात थोडे पाणी राखून त्याला दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणत्व एवढेच थोडे, असे सांगितले. मग ते पाणी ओतून टाकले, भांडे उपडे केले. मग विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे, त्याने आपल्याला वा दुसऱ्याला पीडा होते का? आणि चूक झालीच तर ती गुरूजवळ किंवा जाणत्या सोबत्याजवळ उघड करावी. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनीही वारंवार ऐकावेत असे सात उपदेश नेमले. त्यात असत्यासंबंधी राहुलाला केलेला हा उपदेश आहे.

चूक उघड करावी, हे खरे. पण ज्याच्यापुढे उघड करावी तो हात उगारून उभा असेल तर?

मागच्या पंधरवड्यात माझ्या मुलीने आपणहून सांगितले, "छत्री हरवली." मी चपला काढल्या, खाली बसलो, विचारले, "शेवटची कुठे पाहिलीस?" तिने सगळे नीट सांगितले. मात्र सांगताना ती माझ्यापासून दोन हात लांबच उभी होती.