विश्वास कोणावर ठेवावा?

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या वसईतील एक गृहस्थ मला भेटायला धर्मगुरूनिवासात आले होते. वीस-बावीस वर्षांपासून ते नोकरीनिमित्त आखाती देशात राहतात. वर्षातून एकदा महिनाभर गावी येतात, बंद घराची कुलुपे उघडतात, अंगण झाडून घेतात आणि घर पुन्हा घर वाटू लागेपर्यंत त्यांची परतीची तारीख येऊन ठेपते. आईच्या पुण्यस्मरणार्थ मिस्सा ठेवायची होती. तेवढे सांगून ते निघतील असे मला वाटले होते. पण ते बसले आणि बोलणे घरावरून निघाले.

ते म्हणाले, "फादर, माझी दोन घरे आहेत आणि एकही घर नाही. तिथली खोली व्हिसाबरोबर मिळाली, व्हिसाबरोबर जाईल. इथला बंगला मी पैसे पाठवून बांधला. पाया भरताना मी नव्हतो, स्लॅब टाकताना नव्हतो. कंत्राटदाराने सिमेंट किती घातले आणि वाळू किती घातली, हे देवाला ठाऊक. तरी त्याच स्लॅबखाली मी निर्धास्त झोपतो." मग प्रवासाचा विषय निघाला. विमानात बसताना वैमानिकाचे नाव कोणी विचारत नाही, समुद्रावरून हजारो फूट उंचीवर असताना आपण जेवतो, डुलकी काढतो. परक्यांवर विश्वास टाकल्यावाचून परदेशात एक दिवसही निघत नाही, असे त्यांचे म्हणणे.

मी विचारले, "मग औषधावर का नाही?"

हा प्रश्न मी सहज विचारला नव्हता, हे त्यांना समजले. २०२१ साली करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा त्यांनीच फोनवरून आईला लस घेऊ नका म्हणून बजावले होते. नोकरी टिकवण्यासाठी त्यांना स्वतःला ती घ्यावी लागली होती. पण जे आपल्यावर लादले गेले, ते निदान आईवर नको, अशी त्यांची भावना होती. त्या मे महिन्यात आई गेल्या. मुलगा येऊ शकला नाही. आला असता तर परतीचे दार बंद झाले असते. आईच्या दफनविधीला तो फोनच्या पडद्यावर उपस्थित होता. तो फोन धरणारा हात माझ्या शेजारीच थरथरत होता, हे मला आठवते.

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, वैमानिक माझ्याच विमानात बसलेला असतो. विमान पडले तर तोही पडतो. औषध लिहून देणारा माणूस माझ्या खाटेवर नसतो."

या वाक्याने मला अनेक रात्री जागे ठेवले आहे. सेमिनरीत आम्ही श्रद्धा आणि बुद्धी यांच्या संबंधावर पुष्कळ वाचले, निबंध लिहिले. परंतु माणूस माणसावर विश्वास का ठेवतो, याचे इतके नेमके उत्तर मला त्या ग्रंथांत आढळल्याचे स्मरत नाही. आपण ज्ञानावर विश्वास ठेवतो असे समजतो. वस्तुतः विमानाचे शास्त्र आपल्यापैकी किती जणांना कळते? आपण विश्वास ठेवतो तो आपल्याबरोबर धोका पत्करणाऱ्यावर.

परदेशात बिऱ्हाड करून राहिलेल्या आणखी एका माणसाची कथा या संदर्भात आठवते. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. तिचे नाव आपण सारे ऐकून आहोत. वाल्देमार हाफकिन हे ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. मायदेश सोडून ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले आणि १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा सरकारने त्यांना येथे पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि ओसरी एवढ्याच जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम टोचून घेतली ती स्वतःलाच. ताप भरला, टोचलेली जागा ठणकली. परंतु ते उभे राहिले. वैमानिक विमानात बसला होता.

त्याच वेळी सरकार काय करीत होते? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. घराघरांत झडती, आजाऱ्याला उचलून नेणे, ऊन आत यावे म्हणून छपरे उघडी करणे, रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी. घर आणि प्रवास, माणसाच्या या दोन्ही आसऱ्यांवर एकाच वेळी घाला पडला. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईतील गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले होते. पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळी झाडली गेली. रोगाशी लढण्याचे उपाय अंशतः योग्य होते; परंतु ते करणारे लोकांच्या बाजूला उभे नव्हते. बंदुकीच्या धाकाने माणसाला रुग्णालयात नेता येते, त्याच्या मनात विश्वास पेरता येत नाही.

विश्वास पेरला तो निराळ्या माणसांनी. खोजा इस्माइली समाजाचे धर्मप्रमुख आगाखान तिसरे त्या वेळी अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी आपला बंगला हाफकिन यांना कामासाठी दिला आणि अनुयायांच्या देखत स्वतः लस टोचून घेतली. इकडे पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी मृत्यू पावल्या. आपल्या पूर्वजांनी त्या काळी मुंबईच्या गावठाणांत उभारलेले प्लेगचे क्रूस आजही दिसतात. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावणारे हात आजाऱ्याला पाणी पाजणारेही होते. प्रार्थना आणि औषध यांची सांगड त्यांना कोणी शिकवावी लागली नव्हती. बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखावा, औषधीही देवानेच भूमीतून निर्माण केल्या आहेत, असा बोध आहे, तो उगाच नव्हे.

येथे एक शंका वाचकांच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. स्वतः आपले औषध घेणारा भोंदूही असू शकतो. प्रामाणिक माणूसही चुकतो. मग केवळ धोका पत्करला म्हणून कोणावर विश्वास टाकावा काय?

नाही, तेवढ्याने भागत नाही. हाफकिन यांच्या आयुष्यातच याचे उत्तर आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. एका बाटलीत दोष शिरला होता. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे चौकशीतून आणि शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून हे पुढे आले की दोष लस बनवणाऱ्यांचा नव्हता. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. १९०७ साली ते निर्दोष ठरले. त्या एकोणीस कुटुंबांचे दुःख त्याने फिटले नाही. परंतु चूक कोठे झाली हे शोधले गेले, ते जगापुढे मांडले गेले, आणि म्हणूनच पुढच्या लाखो लोकांना लस घेता आली.

विमानाचेही असेच नाही काय? अपघात झाला की अवशेष गोळा करतात, नोंदी तपासतात. आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की या तपासाचा हेतू कोणाला दोषी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. आमचे गृहस्थ विमानात डुलकी काढू शकतात ते वैमानिक सोबत असल्यामुळे, आणि त्याबरोबरच आधीच्या प्रत्येक अपघाताचा हिशेब कोणीतरी दिलेला असल्यामुळे. ज्याच्याकडे चुकीचा हिशेब मागता येतो, त्याच्यावर विश्वास ठेवणे हा भाबडेपणा नव्हे. करोनाच्या काही लसींमुळे क्वचित कोणाच्या रक्तात घातक गुठळ्या झाल्या, हे २०२१ मध्ये वैद्यकानेच शोधून जाहीर केले. जो स्वतःची चूक सांगतो, तो अधिक विश्वासार्ह की जो कधी चुकतच नाही असे भासवतो? फोनवर आलेल्या निनावी संदेशाकडे मात्र कोणी हिशेब मागायला जात नाही. तो पाठवणारा कोणत्याच विमानात बसलेला नसतो.

आता मला माझ्याविषयी लिहिले पाहिजे. ते टाळले, तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

२०२१ च्या ईस्टरनंतर, चर्चची दारे बंद असताना, त्या माउलींनी मला फोन केला होता. "फादर, लस घेऊ का? मुलगा नको म्हणतो." त्याच आठवड्यात मी स्वतः लस टोचून घेतली होती. दंड अजून दुखत होता. मी म्हणालो, "मुलाशी बोला, डॉक्टरांना विचारा, प्रार्थना करा." यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण मी घेतली आहे, हे मी सांगितले नाही. धर्मग्रामात या विषयावर दोन तट पडले होते, घराघरांत वाद होते, आणि फादर कोणाच्या बाजूचे, अशी चर्चा मला नको होती. डिसेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने लस स्वेच्छेने घ्यावयाची असली, तरी इतरांच्या हिताचा विचार टाळता येत नाही, असे स्पष्ट केले होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये स्वतः लस घेतली आणि ती घेणार असल्याचे आधीच जगाला सांगितले. मला हे ठाऊक होते. एकोणीस वर्षांच्या त्या आगाखानांना जे उमजले, ते इतकी वर्षे वेदीपुढे उभा राहूनही मला उमजले नाही.

लस घेतली असती तर त्या वाचल्याच असत्या, असे मी म्हणणार नाही. इतक्या थोड्या दिवसांत किती संरक्षण मिळाले असते, हे देव जाणे. परंतु त्यांनी मला शास्त्र विचारले नव्हते. "तुम्ही माझ्या विमानात आहात का?" एवढेच विचारले होते, आणि मी तटस्थतेला शहाणपण समजलो. मेंढपाळाचे मौन तटस्थ नसते. ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याने तो राखून ठेवला की पारडे दुसऱ्या बाजूला झुकते.

मी हे सारे त्या दिवशी त्या गृहस्थांना सांगितले. आईंनी फोन केला होता, हे त्यांना माहीत नव्हते. बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे फादर, आपण दोघे." तेवढेच. त्यांनी मला क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. पण उठताना त्यांनी माझा हात हातात घेतला.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण शेकडो वेळा ऐकला आहे. त्यातही एक परका प्रवासी आहे, तेल आणि द्राक्षारस हे औषध आहे, आणि चार दिवसांचे घर म्हणून उतारशाळा आहे. शोमरोन्याची आपण वाखाणणी करतो. उतारशाळेच्या मालकाकडे सहसा आपले लक्ष जात नाही. त्याने एका परमुलखातील माणसाचा शब्द मानला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, एवढ्याच भरवशावर घायाळ माणसाला ठेवून घेतले. पण त्याआधी शोमरोन्याने काय केले होते, ते पाहा. त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले, रात्रभर त्याच्याजवळ राहिला, आणि स्वतःच्या कमरेचे पैसे काढून दिले. शब्द त्याने नंतर दिला.

आपल्या घरांतील किती मुले, किती मुली आज दूर देशी आहेत! त्यांचा सल्ला फोनवरून येतो आणि म्हातारे आईबाप तो प्रमाण मानतात. त्या मुलांना माझी विनंती आहे, आणि तीच मी स्वतःलाही करतो: दुसऱ्याला सल्ला देण्यापूर्वी आपण काय केले, ते सांगावे, आपण चुकलो असू, तर तेही सांगावे. ज्यांच्या वेदनेत आपण वाटेकरी आहोत, तेच आपल्यावर विश्वास ठेवतील.

त्या माउलींची मिस्सा ठरल्या दिवशी झाली. मुलगा पहिल्या बाकावर बसला होता. प्रवचनात मी माझ्या त्या फोनविषयी सांगितले.