परतावा फंडाचा, परतावा आपला

समजा, एखाद्या फंडाच्या युनिटचा भाव दहा रुपयांवरून वीसवर गेला आणि पुढे घसरून पंधरावर आला. फंडाच्या पत्रकात पन्नास टक्के वाढ छापली जाते आणि ती खरीच असते. पण वीसच्या भावानं पैसे घालणाऱ्याचा पाव हिस्सा गेलेला असतो. बहुतेकांचे पैसे वीसच्या आसपासच येतात, कारण भाव दहा असताना त्या फंडाचं नाव कोणी काढत नाही. फंडाचा परतावा आणि गुंतवणूकदाराचा परतावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा.

कोणता फंड घ्यावा यावर आपल्याकडे उदंड लिहिलं जातं. माणूस तो फंड का घेतो, कधी घेतो आणि कधी विकतो, हा प्रश्न मात्र मागे पडतो. माझं म्हणणं असं की, हाती शेवटी किती पडणार हे ठरवण्यात फंड व्यवस्थापकाच्या हुशारीइतकाच वाटा घेणाऱ्याच्या भोवतालचा असतो: सल्ला कोणी दिला, त्यात कोणाचा फायदा होता, बाजार तेव्हा कुठे होता आणि घरात निर्णय कोण घेत होतं. माहिती वाढवून हे सगळं सुटत नाही. त्यासाठी व्यवस्था बदलावी लागते, आपलीही आणि बाजाराचीही.

सुरुवात नावावरच्या विश्वासापासून होते. १९६४ मध्ये युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची ‘यूएस-६४’ योजना आली आणि मध्यमवर्गाच्या मनात ती पोस्ट आणि आयुर्विम्याच्या पंक्तीला जाऊन बसली. मागे सरकार आहे, एवढी खात्री लोकांना पुरेशी होती. योजनेचा पैसा मोठ्या प्रमाणावर शेअर्समध्ये गेला, तरी युनिटचा भाव संस्थाच ठरवत राहिली आणि त्या भावाचा योजनेच्या खऱ्या मालमत्तेशी मेळ नव्हता. २ जुलै २००१ रोजी युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली गेली. सुरक्षित म्हणून ठेवलेला पैसा हवा तेव्हा काढता येईना, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की आपण मुदत ठेव केली नव्हती, जोखीम घेतली होती. त्याआधी १९९४ च्या जानेवारीत मॉर्गन स्टॅन्ले ग्रोथ फंडाच्या अर्जांसाठी रांगा लागल्या होत्या. तिथे भुरळ परदेशी नावाची होती. शेअर बाजारात नोंदणी झाल्यावर त्या फंडाचे युनिट त्यांच्या खऱ्या मूल्यापेक्षा कमी भावात विकले जाऊ लागले. दोन्ही वेळा लोकांनी नाव पाहिलं. पैसे कशात लागणार आहेत, हे पाहिलं नाही.

दुसरा प्रभाव विकणाऱ्याच्या कमाईचा. २००९ पर्यंत इक्विटी फंडात एक लाख रुपये घातले की साधारण सव्वादोन टक्के, म्हणजे २,२५० रुपये, प्रवेश शुल्क म्हणून आधीच कापले जात आणि ते वितरकाच्या कमिशनसाठी वापरले जात. साहजिकच एका फंडातून काढून दुसऱ्यात घालायला लावणं फायद्याचं होतं. नव्या फंडांचा सुकाळ याच काळातला. ‘दहा रुपयांत युनिट, स्वस्त आहे’ असं सांगून ते विकले गेले. वास्तविक दहा हजार रुपयांत दहाच्या भावानं हजार युनिट मिळोत की शंभरच्या भावानं शंभर, आतले शेअर्स वीस टक्के वाढले की दोन्हीकडे बारा हजारच होतात. हे गणित अवघड नव्हतं. ते समजावून सांगण्यात कोणाचा फायदा नव्हता.

बाजार नियामक सेबीनं १ ऑगस्ट २००९ पासून हे प्रवेश शुल्क बंद केलं आणि १ जानेवारी २०१३ पासून वितरकाशिवाय घेता येणाऱ्या डायरेक्ट योजना सुरू झाल्या. कमिशनपोटी दरसाल एक टक्का जात असेल, तर त्याची किंमत काय होते, ते पाहा. महिना दहा हजार रुपये वीस वर्षं भरले आणि वर्षाला बारा टक्के मिळाले असं धरलं, तर सुमारे एक कोटी होतात. अकरा टक्क्यांनी सुमारे ८७ लाख. म्हणून डायरेक्ट योजना प्रत्येकासाठी योग्यच, असं मात्र मी म्हणणार नाही. बाजार कोसळत असताना ग्राहकाचा हात धरून ‘आता विकू नका’ म्हणणारा वितरक आपल्या कमिशनचं मोल वसूल करून देतो. प्रश्न एवढाच की, आपला वितरक तो हात धरतो की नवा अर्ज पुढे करतो?

तिसरा प्रभाव आपल्याच मनाचा, आणि तो सर्वांत चिवट. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की, मिळालेल्या रकमेच्या आनंदापेक्षा तेवढ्याच रकमेच्या नुकसानीचा सल माणसाला कितीतरी जास्त असतो. १९८५ मध्ये हर्श शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन यांनी दाखवलं की, लोक नफ्यातले शेअर्स लवकर विकतात आणि तोट्यातले धरून बसतात. आपल्याकडे करोनाच्या काळात याचं स्पष्ट दर्शन घडलं. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्क्यांनी कोसळून २६ हजारांखाली गेला. त्या महिन्यात इक्विटी फंडांत पैसा येतच होता. ओघ उलटला तो नंतर, बाजार सावरू लागल्यावर. जुलै २०२० ते फेब्रुवारी २०२१ असे सलग आठ महिने या फंडांतून येणाऱ्यापेक्षा जाणारा पैसा जास्त होता, आणि त्याच काळात, जानेवारी २०२१ मध्ये, सेन्सेक्सनं पहिल्यांदा ५० हजारांचा टप्पा ओलांडला. ‘मुद्दल सुटलं, आता बाहेर पडू’ हा विचार त्यातल्या कितीतरी घरांत झाला असणार. बाजाराला मात्र आपण कोणत्या भावानं घेतलं होतं याच्याशी काही देणंघेणं नसतं.

एसआयपी इथेच उपयोगी पडते. दरमहा ठरलेल्या तारखेला पैसे आपोआप वळते होतात, त्यामुळे ‘आज घालू की नको’ हा निर्णयच उरत नाही. एप्रिल २०२४ मध्ये एसआयपीतून महिन्याला येणारी रक्कम वीस हजार कोटींच्या वर गेली. एवढ्या लोकांना एकदम अर्थशास्त्र समजलं म्हणून हे घडलं नाही. व्यवस्था सोपी झाली, म्हणून घडलं. पण एसआयपी थांबवण्याचं बटणही तितकंच सोपं आहे. आजच्या तरुण गुंतवणूकदारानं २००८ पाहिलेलं नाही. त्या वर्षी जानेवारीत २१ हजारांवर पोहोचलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये नऊ हजारांखाली आला होता. हातातलं ॲप मागच्या वर्षी सर्वाधिक परतावा देणारे फंड सर्वांत वर दाखवतं आणि रोज नफा-तोट्याचा आकडा डोळ्यांसमोर धरतं. जे वीस वर्षांसाठी घेतलं, ते रोज पाहिलं की रोज विकावंसं वाटतं.

घरातल्या प्रभावाबद्दलही बोललं पाहिजे. अनेक मराठी घरांत पैशाचे निर्णय एकच माणूस घेतो आणि पत्नी दाखवलेल्या जागी सही करते. तो माणूस आजारी पडला किंवा गेला, की कुठे काय आहे आणि कशासाठी आहे, हे कोणालाच ठाऊक नसतं. मग घाईनं, मिळेल त्याच्या सल्ल्यानं सगळं मोडलं जातं. दोघांनी मिळून ठरवलेली गुंतवणूक अडचणीच्या दिवसांत जास्त टिकते, कारण ती का केली हे सांगायला दुसरं कोणीतरी असतं.

म्हणून दोन मागण्या. पहिली नियामकाकडे: प्रत्येक फंडाच्या परताव्याशेजारी त्या फंडाच्या गुंतवणूकदारांना प्रत्यक्षात सरासरी किती मिळालं, हा आकडा छापणं बंधनकारक करा. दोन्हींतली तफावत दिसली, की कोणत्या फंडात लोक उशिरा आले आणि लवकर पळाले, हे कोणी समजावून सांगावं लागणार नाही. दुसरी वाचकांकडे: या दिवाळीत घरातली मंडळी एकत्र असतील, तेव्हा एका कागदावर चार ओळी लिहा. पैसे कशासाठी आहेत, किती वर्षं लागणार नाहीत, तीस टक्क्यांनी घसरले तर आपण काय करू, आणि हा फंड आपल्याला विकून कोणाला काय मिळालं. खाली दोघांच्या सह्या करा. बाजार शांत असताना घेतलेला निर्णयच बाजार कोसळताना उपयोगी पडतो. तेव्हा तो आताच घ्या.