दोरीची दोन टोके

शुभवर्तमानांत मासे पुष्कळ आहेत, होड्या आहेत, जाळी तर वारंवार येतात. गळ मात्र एकदाच येतो. मत्तयच्या शुभवर्तमानातील सतराव्या अध्यायाच्या अखेरीस मंदिराचा कर वसूल करणारे लोक कफर्णहूम येथे पेत्राला गाठतात. तेव्हा प्रभू त्याला सरोवरावर जाऊन गळ टाकण्यास सांगतो. पहिला जो मासा वर येईल त्याच्या तोंडात नाणे सापडेल, ते दोघांच्या नावे भरावयाचे. कर माणशी अर्धा शेकेल होता आणि ते नाणे एका शेकेलच्या मोलाचे होते. दोघांचा कर तेवढ्यात फिटणार होता. वर काही उरणार नव्हते. फाटावयास आलेल्या जाळ्यांवर आम्ही धर्मगुरूंनी पुष्कळ प्रवचने दिली आहेत. ह्या एका मोजक्या माशावर फारशी दिलेली नाहीत.

ह्या प्रसंगापाशी थांबले की एक जुना नैतिक प्रश्न पुढे उभा राहतो. माणसाने आपल्या पोषणासाठी दुसरा जीव घ्यावा, ह्यात पाप नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले आणि ख्रिस्तसभा आजही तेच शिकवते. परंतु पाप नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे होते काय? जीव कसा घेतला आणि किती घेतले, ह्याने काही फरक पडतो की नाही?

ह्याचा विचार करावयाचा तर गळाच्या मासेमारीचे अगदी साधे, उघडे रूप डोळ्यांपुढे आणावे. ते मला ग्रीनलंडच्या कयाकमध्ये दिसते. लाकूड दुर्मिळ असलेल्या त्या बर्फाळ प्रदेशात समुद्राने वाहून आणलेल्या ओंडक्यांचा सांगाडा करावयाचा, त्यावर सीलचे कातडे शिवून ताणावयाचे आणि मध्ये एका माणसापुरते भोक ठेवावयाचे, अशी ही होडी. ती त्या माणसाच्या देहाच्या मापाने बांधलेली असे. त्याच्या कातडी अंगरख्याची कड त्या भोकाच्या काठाभोवती आवळली की माणूस आणि होडी एकजीव होत. कयाकचा मुख्य उपयोग सीलच्या शिकारीसाठी. तथापि तीत बसून गळाने मासेही धरीत. देवमाशाच्या तोंडातील झालरीच्या पट्ट्या जोडून दोरी केलेली, हाडाचा गळ आणि बुडण्यासाठी दगड, एवढीच सामग्री.

आपल्या कोकणात ह्या क्रियेला 'गरवणे' म्हणतात. साधने बदलली तरी हातातील दोरीचे शास्त्र सगळीकडे एकच आहे. वजन तळाला टेकले की दोरी सैल पडते. मग ती हातभर वर ओढून तर्जनीवर धरावयाची आणि वाट पाहावयाची. मासा आमिष चाचपतो तेव्हा बोटाला हलकी टकटक जाणवते; तो गळाला लागला की धडपड हाताला कळते. काठी नाही, चक्र नाही, यंत्र नाही. एका जिवाची प्राणांतिक तडफड दुसऱ्या जिवाच्या उघड्या कातडीवर उमटते. आणि कयाकमध्ये आणखी एक गोष्ट घडते. उत्तर अटलांटिकमधला हॅलिबट दोनशे किलोंच्याही वर वाढतो. असा मासा दोरीला लागला तर अरुंद होडी उलटण्यास वेळ लागत नाही, आणि त्या पाण्यात पडलेला माणूस फार काळ तगत नाही. तेथे दोरीच्या दोन्ही टोकांना प्राण टांगलेला असतो.

कोणी म्हणेल, माशाला ह्याचे काय? तो गळाने मरो वा जाळ्याने, मरण ते मरणच. हा आक्षेप खोटा नाही. मारणाऱ्याला वेदना जाणवली म्हणून मरणाऱ्याची वेदना कमी होत नाही. शिवाय नुसते जाणवणे पुरेसेही नाही. आज जगात पुष्कळ किनाऱ्यांवर हौशी लोक प्लॅस्टिकच्या कयाकमधून केवळ खेळ म्हणून मासे धरतात आणि सोडून देतात. त्यांच्याही बोटांना ती धडपड जाणवते. त्यातील काहींना तिचीच गोडी असते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार, प्राण्यांना गरजेवाचून यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. जिवंत सोडला म्हणून तो खेळ निर्दोष ठरतो, असे मला म्हणवत नाही. खाण्यासाठी एक मासा मारणारा हात कदाचित अधिक प्रामाणिक असेल.

मग दोरी हातात असल्याने साधते काय? माझ्या मते, हाताला मर्यादा कळते. तो एका वेळी एक जीव घेतो, दमतो, थांबतो. पुरे झाले हे त्याला शिकवावे लागत नाही.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाचा इतिहास ह्याची साक्ष देतो. तेथील समुद्रात कॉड मासा इतका होता की शतकानुशतके लहान होड्यांतून, हातच्या दोरीने तो धरला तरी सरला नाही. १९५० नंतर मासे जहाजावरच गोठवणारी प्रचंड ट्रॉलर जहाजे आली. १९६८ साली तेथील उत्तरेकडच्या कॉडची पकड सुमारे ८ लाख टनांवर गेली. पुढे १९८० च्या दशकात किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार सांगू लागले की मासा कमी येतो आहे, लहान येतो आहे. कागदावरचे हिशेब मात्र वेगळे बोलत होते. अखेर २ जुलै १९९२ रोजी सरकारने ह्या मासेमारीवर बंदी घातली आणि सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी २०२४ साली उठली. समुद्र रिता होत असल्याचे आधी कळले ते लहान होडीतल्या माणसांना. यंत्राला बोट नसते, म्हणून त्याला ते कळले नाही.

हे लिहिताना आपल्या कोळी बांधवांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. डोल जाळे ओढणाऱ्याच्या घरीही चूल आहे, आणि शहराचे पोट गळाने भरणार नाही. प्रभूनेही जाळे टाकणाऱ्यांनाच बोलावले. म्हणूनच जेथे हाताची मर्यादा सुटली तेथे नियमाची मर्यादा आली: जून-जुलैमधील मासेमारी बंदी, किंवा कोणत्या जातीचा मासा किती लहान असताना धरू नये ह्याविषयी महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ठरवलेली मापे. पण नियम पाण्यात पाळला जाईल तेव्हा जाईल. तो आधी बाजारात मोडतो. टोपलीत बोटभर पापलेटचा वाटा स्वस्त दिसला की तो उचलणारा हात आपला असतो. मिस्सा आटोपून घरी जाताना मीही तो उचलला आहे, आणि घासाघीसही केली आहे. त्या दोरीचे वरचे टोक माझ्याच हातात होते. मला काही जाणवले नाही, एवढेच.

नॉर्वेचे लुथरन पाळक हान्स एगेडे १७२१ साली ग्रीनलंडला गेले. ज्या लोकांनी भाकरी कधी पाहिली नव्हती त्यांना प्रभूची प्रार्थना शिकवताना त्यांनी रोजच्या भाकरीऐवजी रोजचा सील मागावयास शिकवले, असे सांगतात. भाकरी असो, सील असो वा मासा, मागणी रोजच्यापुरतीच आहे. कोठाराची नाही.

जेवणापूर्वी आपण क्रूसाची खूण करतो. त्या वेळी क्षणभर ताटातल्या माशाकडे पाहावे. तो कोणाच्या तरी हातून, कोणता तरी समुद्र सोडून, स्वतःचा प्राण देऊन येथवर आला आहे. त्याचे ऋण आपण फेडू शकणार नाही. ते ओळखून, पुरेसे तेवढेच घेऊन हात आखडता घेणे मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे.