काला आणि पंगत

'संस्कृती' हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यात तो नव्हता. ते रीत म्हणत, कुळाचार म्हणत, फार झाले तर धर्म म्हणत. आता मुलांच्या पुस्तकात संस्कृती आहे, सभेत संस्कृती आहे, आणि तिच्या जोडीला 'विविधता' आहे. 26 जानेवारीस दिल्लीच्या रस्त्यावरून प्रांतोप्रांतीचे चित्ररथ निघतात. कोणाचे पागोटे, कोणाचा ढोल, कोणाची लेझीम. पाहून आनंद वाटतो, आणि वाटावाच. परंतु नुसत्या पाहण्याला काही मोल पडत नाही. तोच निराळा माणूस पानाला पान लावून जेवायला बसला, म्हणजे मग आपले मन काय म्हणते ते कळते. म्हणून वारकऱ्याने हा विचार चित्ररथापाशी न करता आपल्या काल्यापाशी करावा, असे आम्हांस वाटते.

काल्याची कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे, ती आपण दर सप्ताहाच्या शेवटी ऐकतो. तरी तिच्यातले एक वर्म पुष्कळदा निसटून जाते. यमुनेच्या वाळवंटी गोपाळ वर्तुळ करून बसले, मध्ये श्रीकृष्ण. प्रत्येकाने आपापली शिदोरी सोडली आणि आपल्या घरच्या पदार्थाची निराळी चव दुसऱ्याला दाखवली, असे व्यासांनी सांगितले आहे. सर्वांनी एकच पदार्थ आणला असता तर दाखवायचे काय होते? लाही लाहीच राहते, दही दहीच राहते, लोणच्याची फोड दाताखाली आली की कळते. आणि तरी त्याला नाव एकच, काला. बरे, हा प्रकार पाहून गोंधळला कोण? तर ब्रह्मदेव! यज्ञाचा भोक्ता गुराख्यांच्या पोरांत बसून जेवतो, हे चार वेद जाणणाऱ्याला समजेना. आपले कीर्तनकार तर पुढे सांगतात की देव मासे होऊन यमुनेत आले, गोपाळ हात धुतील तर एखादे शीत मिळेल म्हणून. आणि कृष्णाने पोरांना हात घोंगडीलाच पुसायला लावले. लोक हसतात, आम्हीही हसतो. पण देवांना जे मिळाले नाही ते कोणाला मिळाले, हे हसण्याच्या भरात विसरू नये.

आपली संतमंडळी ही अशीच शिदोऱ्यांची मांडणी आहे. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही, सेना महाराजांनी धोकटी टाकली नाही, जनाबाईंचे जाते चालूच राहिले. भक्ती लागली म्हणून कोणी दुसऱ्याचा वेष घेतला नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या नावानिशी 'योगसंग्राम' लिहून गेले आणि संतांत बसले. तुकोबारायांची पालखी देहूहून निघाली की अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तेथे अभंग व आरती होते, मगच पुढे. ज्या विठोबाला ज्ञानोबारायांनी कानडा म्हटले, त्याचीच मुद्रा पुरंदरदासांनी आपल्या कानडी पदांना लावली. 1956 साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. पण विजापुराकडचा वारकरी अजून येतोच. तो मराठी अभंग म्हणतो तेव्हा त्याच्या उच्चाराला आपल्यातले काही जण गालांत हसतात. अहो, त्याने आपली भाषा तोंडात तरी घेतली. त्याचे एक पद आपणांपैकी किती जणांना येते?

नामदेवराय पंजाबात गेले. 1604 साली गुरू अर्जुनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची 61 पदे घेतली. शिंपी कोण, मराठी कोण, हे आड आले नाही. त्या ग्रंथापुढे आज लाखो शीख मस्तक ठेवतात, ते आपल्या नामयापुढेही ठेवतात.

आणि आपण घरी काय केले? चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून गेले. ते साल 1338 मानतात. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी विठ्ठलनाम ऐकून ओळखल्या व महाद्वारासमोर समाधी दिली, असे परंपरा सांगते. त्यानंतर चोखोबांचे अभंग देवळात रोज म्हटले गेले, आणि चोखोबांची माणसे पायरीच्या बाहेर उभी राहिली. अभंग आत, अभंगकर्त्याचे कुळ बाहेर! हे 1947 पर्यंत चालले. त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरी दहा दिवस प्राण पणाला लावले, तेव्हा दार उघडले. सहाशे नऊ वर्षे होतात. गाणे आवडते पण गाणारा नको, ही चित्ररथ पाहण्याचीच जुनी तऱ्हा, दुसरे काय?

दार उघडले, चूल मात्र राहिली. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी त्यावर लिहिले. एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठे एका टाळावर चालतात, एकमेकांच्या पायां पडतात, आणि स्वयंपाक व पंगत वेगळी मांडतात, हे त्यांना सलले. पुष्कळ दिंड्यांत तो भेद पुढे मोडला, ही विठोबाची कृपा. पण सर्वत्र मोडला असे म्हणवेल काय? कोणी सांगतात, ज्याचा त्याचा आचार, त्यात वाईट काय. आचाराचेच बोलू. गळ्यात तुळशीची माळ सर्वांच्याच आहे, मद्यमांस सर्वांनाच वर्ज्य, एकादशी सर्वांचीच, द्वादशीला पारणे सर्वांचेच. पिठले तेच, भाकरी तीच. मग वेगळ्या चुलीवर वेगळे असे शिजते काय? तेथे रीत वेगळी नाही. फक्त माणूस खालचा ठरतो. कोकणातल्याने नाचणीची आणावी, देशावरच्याने ज्वारीची आणावी, हा निराळेपणा आम्हांस हवाच आहे. तो नसेल तर गोपाळांनी एकमेकांना दाखवावे काय?

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होईल. ओळख ना पाळख, माणूस माणसाच्या तोंडात लाह्यांचा घास घालील आणि कोणीही जात विचारणार नाही. त्याच दिवशी पालख्या परतीला लागतात. संध्याकाळी मुक्कामावर चूल पेटेल तेव्हा भाकरी थापायला कोणाकोणाला बोलावले आणि विणेकऱ्याशेजारचे पान कोणाचे मांडले, हे आमच्या वाचकांनी आपापल्या फडावर पाहावे, आणि जेथे दुसरी चूल दिसेल तेथे आपले पान उचलून तिच्यापाशी जाऊन बसावे.