आधी वजनकाटा, मग मिक्सर

मिरचीच्या सॉसमध्ये मीठ किती घातलंत, असं विचारल्यावर तुम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलात. मग उत्तर आलं, "अंदाजाने, बाई." कुणाच्या अंदाजाने? ज्यांनी आयुष्यात लोणच्याची एक बरणी भरली नाही, त्यांच्या? आणि त्या अंदाजाच्या बाटल्या राजाजीनगरभर वाटून मोकळेही झालात! शेजाऱ्यांना दिल्यात, ऑफिसात नेल्यात. लेबलावर मिरचीचं चित्र ऐटीत आहे. घटक कुठे आहेत? तारीख कुठे आहे?

ही बाटली नीट बघा. झाकण फुगलंय, मानेशी लाल ओघळ वाळलाय. आत आंबणं अजून चालू आहे. जिवाणू मिरचीतली साखर खातायत, वायू सोडतायत, आणि तुम्ही वर घट्ट बूच मारून बसलात. कुणाच्या ओट्यावर ही काच फुटली असती आणि समोर लहान मूल उभं असतं, तर काय तोंड दाखवलं असतंत?

म्हणे, "आजीचा लाल मिरचीचा रंजका वर्षभर टिकायचा, ती कुठे मोजायची?" आजीला मध्ये आणू नका. बेळगाव-धारवाडकडे, सोलापूरकडे थंडीत पिकलेली लाल मिरची आली की बायका ती देठासकट धुतात, फडक्याने एकेक पुसतात, सावलीत कोरडी करतात आणि देठ त्यानंतर काढतात. आधी देठ काढला तर त्या भोकातून पाणी आत शिरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मीठ सढळ, लिंबाचा रस भरपूर, पाण्याचा थेंब नाही, बरणीला स्वच्छ दादरा. आजीचं माप तिच्या हातात मुरलेलं होतं. तुम्ही काय केलंत? तब्येतीसाठी म्हणून मीठ कमी केलंत. सॉस ओतता यावा म्हणून नळाचं पाणी घातलंत. लिंबू टाळलंत. मूठभर कच्चा लसूण घालून वर तेलाचा थर दिलात. आजीने घातलेला एकेक पहारा तुम्ही स्वतःच्या हाताने उठवलात आणि वर तिचंच नाव सांगता!

त्या तेलाबद्दल तर मला फार राग आहे. तेल जंतू मारत नाही, ते फक्त हवा अडवतं. बोटुलिझम ही विषबाधा करणाऱ्या जिवाणूला हवा नकोच असते. त्याचे बीजाणू मातीतून लसणावर येतात, साध्या उकळीने मरत नाहीत, आणि त्याच्या विषाला ना वास, ना चव. त्याला रोखतं ते आम्ल. पीएच ४.६ च्या खाली तो वाढत नाही. म्हणून सॉस चारच्या खाली आणायचा, हा नियम. तुम्ही पीएच मोजलात? नाही. चाखून बघितलात! जिभेला तिखटापुढे आंबट किती हे कळतं का? कागदी पट्टीही इथे फसवते, मिरचीचा लाल रंग तिच्यावर चढतो. डिजिटल मीटर घ्या आणि चार व सातच्या बफर द्रावणात जुळवून घेतल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता लिहून घ्या. मिरची आणि पाणी यांच्या एकूण वजनाच्या निदान तीन टक्के मीठ. एक किलो मिरची, अर्धा लिटर पाणी, तर पंचेचाळीस ग्रॅम. मिरची खाऱ्या पाण्याखाली दाबलेली हवी, झाकण सैल हवं. बंगळूरच्या हवेत दोन आठवडे द्या. वर पांढरी पातळ साय आली तर काढता येते. केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर अख्खी बरणी फेकायची, चमच्याने वरचं काढून आतलं वापरायचं नाही. मग वाटा, व्हिनेगर घाला, उकळा, पुन्हा पीएच बघा. अमेरिकेत लुइझियानामधल्या एव्हरी आयलंडवर टबॅस्कोवाले १८६८ पासून सॉस करतात. आज ते मिरची मिठात वाटून ओकच्या पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरवतात, मग व्हिनेगर. तुम्हाला पाच दिवसांत बाटली हवी होती.

आणि लेबलावर "जहाल ब्याडगी" कुणी लिहिलं? हावेरी जिल्ह्यातली ती मिरची तिच्या गडद रंगासाठी नावाजलेली आहे, तिखटपणासाठी नाही. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. गुंटूरची तिखट मिरची घालायची आणि नाव ब्याडगीचं लावायचं, ही फसवणूक आहे. त्या शेतकऱ्याचीही आणि खाणाऱ्याचीही.

आणि वाटण तू केलंस ना? तुझे हात अजून भाजतायत. मिरचीतलं कॅप्सेसिन नुसत्या पाण्याने जात नाही. आधी तेल चोळ, मग भांड्यांच्या साबणाने धू. पुढच्या वेळी हातमोजे घाल आणि गरम वाटण मिक्सरमध्ये झाकण घट्ट लावून फिरवू नकोस, वाफेने झाकण उडतं.

विकायचंच असेल तर एफएसएसएआयची नोंदणी करा आणि म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये शिकायला जा. अन्न टिकवण्याचं शास्त्र शिकवणारी एवढी मोठी संस्था इथून काही तासांवर आहे, आणि तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघून दुसऱ्यांच्या पोटाशी खेळता!

पण ते नंतर. आज रात्री जेवायच्या आधी ज्यांना ज्यांना बाटली दिलीत, त्या प्रत्येकाला फोन करा. खाऊ नका, झाकण उघडू नका, आम्ही येऊन घेऊन जातो, असं सांगा. लाज वाटेल, वाटू द्या. सगळ्या बाटल्या परत आल्याशिवाय माझ्या वर्गात पाऊल टाकायचं नाही.