कच्चा जॉइंट कुणाच्या भिंतीत?

गेल्या मे महिन्यात रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन आला. "ताई, मला प्लंबिंग नीट शिकायचंय. आयटीआयला जाऊ की घरबसल्या कोर्स करू?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कुणी दोन पर्याय समोर ठेवले की माझा हात आपोआप स्प्रेडशीटकडे जातो. एका रकान्यात तालुक्याच्या आयटीआयमधला प्लंबर ट्रेड : एक वर्ष, रोज जायचं, शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. दुसऱ्यात दूरशिक्षणाचा कोर्स : पुस्तकं, फोनवर व्हिडिओ, महिन्यातून दोन रविवार प्रात्यक्षिक, तेही सत्तर किलोमीटरवरच्या केंद्रात. पण दुसऱ्या पर्यायात तो गावातल्या मिस्त्रीच्या हाताखाली कामावर राहू शकत होता. दिवसाचे ५०० रुपये सुटत होते. मामा साखर कारखान्यात हंगामी कामगार आहे, म्हणजे हंगाम संपला की पगारही संपला. त्या घरात रोजचे ५०० रुपये काय असतात, हे मला स्प्रेडशीटशिवायही कळत होतं.

बेरीज-वजाबाकीत दूरशिक्षण जिंकलं. मी त्याला तसं सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, एक गोष्ट सांगायची राहिली."

मिस्त्री दुसऱ्या साइटवर अडकला होता, तेव्हा यानं गावातल्या एका आजींच्या नव्या न्हाणीघराचं काम एकट्यानं अंगावर घेतलं होतं. आजी एकट्या राहतात. चार वर्षं पैसे साठवून त्यांनी घराला लागून न्हाणीघर बांधलं होतं. यानं सीपीव्हीसी पाइप जोडायचे व्हिडिओ पन्नासेक वेळा पाहिले होते. पाइप सरळ काप, कड घासून घे, पुसून कोरडी कर, सोल्युशन लाव, पाव फेरा देत आत दाब. सगळं त्यानं केलं. दुसऱ्याच दिवशी गवंड्यानं टाइल्स लावल्या. दीड महिन्यानं भिंतीला ओल आली. टाइल्स फोडल्या तर एका एल्बोमधून पाणी झिरपत होतं.

"मी घाईत हात सोडला गं," तो म्हणाला. "सोल्युशन ओलं असताना पाइप सॉकेटमधून हळूच मागे सरकतो. थोडा वेळ दाबून धरावा लागतो. व्हिडिओत तेवढा वेळ कापलेला होता."

शिवाय टाइल्स लावायच्या आधी लाइन पाण्यानं भरून, दाब देऊन तपासायची असते, तेही राहिलं होतं. फोडलेल्या टाइल्स, नव्या टाइल्स, गवंड्याची मजुरी असा सगळा खर्च आजींनी केला. हा पैसे द्यायला गेला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाळा. शिकतोयस. व्हतं असं."

"ताई, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी स्प्रेडशीट पुन्हा उघडली. फी, वेळ, प्रवास, प्रमाणपत्र, बुडणारी मजुरी असे सगळे रकाने होते. चुकांचा रकाना नव्हता. शिकणारा माणूस चुकणार, हे धरूनच चालायला हवं. मग प्रश्न उरतो तो असा, की त्याच्या चुकांचं बिल कुणाच्या नावावर निघतं? माझ्या भावाची पहिली फी त्या आजींनी भरली होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हे नैतिक तोऱ्यात सांगायला मी अगदीच नालायक आहे, त्याचं कारण आधी सांगते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला वर्कशॉप होतं. लोखंडाच्या दोन पट्ट्या कानशीनं घासून एकमेकींत चपखल बसवायच्या, असा फिटिंगचा जॉब होता. दोन दिवसांत माझ्या हाताला फोड आले. मग वर्गातल्या अर्ध्या मुलांनी जे केलं तेच मी केलं. सीनियरकडून मागच्या वर्षीचा तयार जॉब घेतला, पॉलिश पेपरनं जुना नंबर घासला, माझा नंबर टाकला. २५ पैकी २२ मार्क मिळाले. मी रोज कॉलेजला जात होते, हजेरी पूर्ण होती, समोर शिकवायला माणूस होता आणि तरीही ते दूरशिक्षणच होतं. कानशीपासून मी स्वतःला शक्य तेवढं दूर ठेवलं होतं. तेव्हा नुसतं 'कॉलेज' म्हटलं की प्रश्न सुटला, असं मी तरी म्हणू शकत नाही.

उलट, पोट भरण्यापुरतं जे मला येतं, त्यातलं बरंचसं मी घरात बसून, स्क्रीनवर शिकले. पायथन मला कुठल्याही प्राध्यापकांनी शिकवलं नाही. मग मला जे जमलं ते भावाला का जमू नये?

यावर बरेच दिवस विचार केल्यावर मला एक फरक दिसला. मी चुकीचा कोड लिहिला की कॉम्प्युटर दोन सेकंदांत तोंडावर सांगतो, अमुक ओळीत चूक आहे. तो शंभर वेळा सांगतो, न कंटाळता सांगतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पुढे नोकरीतही आमचा कोड आधी चाचणीच्या सर्व्हरवर चालतो, सीनियर तो तपासतात, तरी काही बिघडलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते. भिंतीतल्या एल्बोचं तसं नाही. त्याची चूक दीड महिन्यानं कळते, दुसऱ्याच्या घरात कळते आणि ती दुरुस्त करायला घर फोडावं लागतं.

म्हणजे घरबसल्या काय शिकता येईल याची कसोटी विषय अवघड आहे की सोपा, ही नाही. चूक लगेच कळते का आणि ती स्वस्तात पडते का, ही आहे. जिथे चूक उशिरा आणि दुसऱ्याच्या अंगावर फुटते, तिथे शेजारी माणूस हवा. "हात सोडू नको, अजून धर," असं त्याच क्षणी म्हणणारा.

ॲरिस्टॉटलनं 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'त घर बांधणाऱ्यांचं उदाहरण दिलं आहे. आपण करून करूनच शिकतो, हे त्याचं म्हणणं सगळ्यांना माहीत असतं. त्याचा पुढचा भाग कमी सांगितला जातो : चांगलं बांधत राहिलं की माणूस चांगला गवंडी होतो आणि वाईट बांधत राहिलं की वाईट. सराव दोन्हीकडे सारखाच. तसं नसतं तर शिक्षकाची गरजच पडली नसती, असं तो म्हणतो. 'अनुभवानं येईल' हे आपलं आवडतं वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. अनुभवानं चूकही पक्की होते.

याचा पुरावा भावाचा मिस्त्रीच होता. वीस वर्षं पाइपात हात घातलेला माणूस. डोळे मिटून आटे पाडेल. पण न्हाणी ट्रॅप तुंबतो म्हणून तो कित्येक घरांत ट्रॅपच बसवत नाही, सरळ पाइप काढून देतो. ट्रॅपमध्ये अडून राहणारं थोडंसं पाणी हे गटारातला वायू घरात येऊ न देणारं झाकण असतं, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं १७७५ मध्ये ब्रिटनमध्ये वाकड्या नळीच्या शौचकूपाचं पेटंट घेतलं, त्यामागची युक्ती हीच. मिस्त्रीच्या हातात वीस वर्षं होती, पण हे एक 'का' नव्हतं. भावाला ते फोनवरच्या तीन मिनिटांच्या व्हिडिओनं समजलं. म्हणजे हाताला पुस्तक लागतं आणि पुस्तकाला हात.

या दोघांची ताटातूट आपल्याकडे जुनी आहे आणि ती आपोआप झालेली नाही. ज्यांच्या हातात काम होतं त्यांच्या हातात पाटी येऊ दिली नाही; ज्यांच्या हातात पाटी होती त्यांना कामाचा विटाळ होता. जात ही नुसती श्रमाची नाही, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. वर्कशॉपमधला जॉब विकत घेताना मला जराही लाज वाटली नाही, त्यातही हे मुरलेलं असणार. कानस चालवणं हे 'आपलं' काम नाही, हे मला न शिकवता आलं होतं. आणि भाऊ आयटीआय म्हणाला तेव्हा माझ्या मनात क्षणभर 'चला, काहीतरी तर करतोय' असं आलं, तेही त्याच शाळेतलं.

आता दुसरी बाजू. "लोकांच्या घरावर शिकू नकोस," हे मी त्याला सांगणं सोपं आहे. पण आजींचं बिल मिटवायला मी ते उचलून कुणाच्या हातात देते आहे? त्याच्याच. वर्षभर ५०० रुपयांवर पाणी सोड, म्हणजे तुझ्या चुका कुणाला महाग पडणार नाहीत. माझ्या बाबतीत असं झालं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत मी कंपनीच्या काहीही उपयोगाची नव्हते, आणि मला पूर्ण पगार मिळत होता. माझ्या शिकण्याचा खर्च कंपनीनं आनंदानं केला, कारण पुढे तो वसूल होणार होता. म्हणजे ज्याला परवडतं त्याला शिकायचे पैसे मिळतात आणि ज्याला परवडत नाही त्यानं ते घालायचे.

सरकारी रुग्णालयांत शिकाऊ डॉक्टरांचा हात बहुतेक वेळा गरिबाच्या शरीरावर बसतो. शिकाऊ प्लंबरचा हात आजींच्या न्हाणीघरावर बसतो. पैसेवाला तयार माणूस बोलावतो. हा खर्च खरं तर आपल्या सगळ्यांचा आहे, कारण तयार प्लंबर आपल्या सगळ्यांना हवा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतन आहे, सरकारी आयटीआय आहेत, ते याच समजुतीतून. पण उमेदवारी मिळाली तर विद्यावेतन. ट्रेडच्या त्या वर्षात घर चालवायचं कसं, हे ज्याचं त्यानं बघायचं.

जूनमध्ये मी गावी गेले तेव्हा आम्ही दोघं तालुक्याच्या आयटीआयमध्ये गेलो. शेडमध्ये ओळीनं व्हाइस लावलेले, आटे पाडायच्या डाय, कोपऱ्यात पाइपांचे तुकडे. एका बाजूला विटांच्या उघड्या भिंती, कशालाच न जोडलेल्या. त्यांच्यावर नळाची लाइन टाकायची, पाणी सोडायचं, तपासायचं आणि पुढच्या बॅचसाठी पुन्हा उखडायची. मी सरांना स्पष्टच विचारलं, "इथंही नुसती हजेरी लावून जाणारे असतात ना?"

"असतात की," ते म्हणाले. "त्यांचं मी काही करू शकत नाही. पण ज्याला चुकायचंय, त्याला इथं चुकता येतं. पाणी गळलं तर जमिनीवर गळतं."

भाऊ त्या भिंतींकडे बघत उभा होता. त्यांच्यामागे कुणी राहत नव्हतं.

परत येताना एसटीत मी त्याला म्हटलं, "माझा पहिला पगार शिकण्याचाच होता. तुझ्या वर्षातला काही भाग मी भरते." तो म्हणाला, "फुकट नको. उसने दे." आम्ही महिन्याचा एक आकडा ठरवला. त्याची सुटणारी सगळी मजुरी त्यात भरून निघत नाही. उरलेल्यासाठी तो रविवारी मिस्त्रीकडे जातो. दूरशिक्षणाच्या कोर्सची पुस्तकं मी त्याला तरीही घेऊन दिली. मिस्त्री आता ट्रॅप बसवतो का, हे मी अजून विचारलेलं नाही. हे उत्तर सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही. ज्याला शहरात नोकरी करणारी बहीण नाही, त्याच्यासाठी माझ्याकडे अजूनही उत्तर नाही, आणि असे पुष्कळ आहेत.

आजींच्या पैशांचं मात्र राहिलंच आहे. तो दोनदा गेला, त्यांनी दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवला. आता त्यानं ठरवलंय, की वर्ष संपल्यावर त्यांची सगळी लाइन स्वतः तपासून द्यायची. तोपर्यंत त्या घराला हात लावायचा नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. टेबलावर ओळीनं मांडलेले एल्बो, प्रत्येक करवतीनं उभा चिरलेला, पाइप आत शेवटपर्यंत बसला होता की नाही ते दिसावं म्हणून. खाली मेसेज : "सरांनी सगळ्यांचे चिरायला लावले. माझे ११ पैकी ४ कच्चे."

मी फोटो मोठा करून बघितला. त्या चार एल्बोंमध्ये पाइप आणि तळ यांच्यात बारीकशी फट होती, नखाएवढी. बाहेरून अकराही सारखेच दिसले असते.