जमावाचा दोष

थोड्यांच्या अपराधास्तव सर्वांस दोषी लेखावें काय? सन १९८५ मध्यें ब्रुसेल्स शहरीं फुटबॉलच्या सामन्यापूर्वीं लिव्हरपूल संघाच्या कांहीं चाहत्यांनीं हल्ला केला व ३९ माणसें मेलीं. तो अपराध खरा होता. परंतु १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्ड येथें त्याच संघाचे चाहते जाळीबंद आवारांत चिरडले जात असतां पोलिसांस त्यांची धडपड दंगाच वाटली. ९७ जण प्राणांस मुकले. मैदानाचें दार पोलिसांनींच उघडविलें असतां चाहत्यांनीं तें फोडलें, असें अधिकाऱ्यानें सांगितलें. पूर्वीच्या अपकीर्तीमुळें पुष्कळांनीं तें मानलें. चाहते निर्दोष, असा निर्णय ज्यूरीनें दिला तो २०१६ सालीं. दंगेखोरास शासन अवश्य व्हावें. पण जो पहारेकरी जमावांत केवळ शत्रु पाहतो, त्यास मरणाऱ्याची हाक ऐकूं येत नाहीं.